फास्ट ट्रॅकवर स्क्रॅच करताना हात मागं पडतोय, त्याचं काय करायचं

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा की घरी साधा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचं डीजेचं यंत्र) आहे, कोल्हापुरात हळदी-लग्नं आणि गणपतीत वाजवतोयस, नव्वद बीपीएमच्या (मिनिटाला नव्वद बीट) हिपहॉप बीटवर बेबी स्क्रॅच आणि थोडाफार चर्प, म्हणजे आवाज हातानं पुढंमागं घासायचे साधे प्रकार, जमतोय, पण १७४ च्या ड्रम अँड बेसवर नाहीतर १४५ च्या सायट्रान्सवर हात टाकला की दोन बारात (चार बीटचा एक बार) सगळं विस्कटतंय. आणि पुढं विचारलंयस की क्रॅब नावाचा अवघड स्क्रॅच शिकलो तर स्पीड येईल का, का आता टर्नटेबलच (खरी रेकॉर्ड फिरवायचं यंत्र) घ्यावा लागणार.

क्रॅबचं आणि टर्नटेबलचं नंतर बोलू, आधी मोजणीचं बघ, कारण घोळ तिथंच आहे. १७४ बीपीएम म्हणजे एक बीट ०.३४५ सेकंदाचा. त्याचे चार तुकडे केले की एक तुकडा ८६ मिलिसेकंदांचा होतो. नव्वदच्या बीटवर हाच तुकडा १६७ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे नव्वदवर तू जो पॅटर्न बसवलायस तोच पॅटर्न तसाच मोजून १७४ वर मारायला गेलास तर हाताला जवळपास दुप्पट वेगानं पळावं लागतंय, आणि हात तेवढा पळत नाही म्हणून मग तू दंड आवळतोस, खांदा वर चढतो, आणि आवळलेला हात आणखीनच मागं पडतो. माझ्याकडं शिकायला येणारी बहुतेक पोरं इथंच अडकतात आणि मग यूट्यूबवर आणखी अवघड स्क्रॅच शोधत बसतात.

त्यापेक्षा १७४ चं निम्मं कर. ८७ झालं. म्हणजे तुला जमणाऱ्या नव्वदच्या अगदी शेजारी आलास की. ड्रम कितीही पळू देत, तुझी मान ८७ वर हलली पाहिजे. पाय ८७ वर पडला पाहिजे. सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण ड्रम अँड बेसच्या साध्या ठेक्यात स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडतो, आणि तू निम्म्यानं मोजायला लागलास की तो स्नेअर तुझ्या दोन काऊंटच्या मधोमध येतो. पाय खाली आला की काऊंट, पाय वर गेला की स्नेअर, असं. एकदा ते पायात बसलं की निम्मं काम झालं म्हण. हे बसवायला डेक (कंट्रोलरवरचा गाणं वाजवायचा भाग) लागत पण नाही, रंकाळ्यावर हेडफोन घालून चालताना पण होतंय, फक्त पाऊल ८७ वर टाकायचं आणि स्नेअर पाऊल उचलताना येऊ द्यायचा.

आता डेकवर काय करायचं ते सांगतो. एका डेकवर ८७ चा साधा ड्रम लूप (परत परत वाजणारा तुकडा) लाव, दुसऱ्यावर तुझं स्क्रॅचचं सॅम्पल, म्हणजे घासायचा आवाज. जो पॅटर्न तुला नव्वदवर येतो तोच मार, नवीन काही नको. हात सैल झाला, बोलता बोलता पण पॅटर्न चालू राहतोय असं झालं की हात न थांबवता बीटच्या जागी १७४ चा लूप आला पाहिजे. दोन डेकचा कंट्रोलर असेल तर एकच फाईल बनव ना, पहिले सोळा बार ८७ चा ड्रम आणि पुढं १७४ चा, मागंपुढं असं चारपाच वेळा. एडिटिंगच्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतंय हे. फाईल चालू ठेवायची आणि ड्रम बदलला तरी हात बदलायचा नाही. हात लगेच घाबरून पळायला बघतो, त्याला पळू द्यायचं नाही. हा एक सराव नीट केलास तर बाकीच्या ट्युटोरियलपेक्षा जास्त फरक पडेल, हे मी पैजेवर सांगतो.

ट्युटोरियल सगळी ८० ते १०० च्या मधल्या बीटवर का असतात याचं पण कारण आहे. स्क्रॅच निघाला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, साधारण १९७५ च्या आसपास, ग्रँड विझर्ड थिओडोर या पोरसवदा डीजेच्या हातून, आणि पुढं तो वाढला तो हिपहॉपमध्ये. त्या ठेक्यात दोन ड्रमच्या मध्ये मोकळी जागा असते आणि ती भरायला स्क्रॅच लागतो. ड्रम अँड बेस, हार्डकोर, सायट्रान्स यांच्यात जागा भरलेलीच असते. त्यामुळं तिथं तुझं काम जागा भरायचं नसून जागा शोधायचं आहे. डीजे क्रेझचे जुने सेट बघ, हा माणूस १९९८, १९९९ आणि २००० असा सलग तीन वर्षं डीएमसी या डीजे स्पर्धेचा वर्ल्ड चॅम्पियन, आणि ड्रम अँड बेस पण मनापासून वाजवणारा. इंग्लंडचा डीजे हाईप पण तसाच, ड्रम अँड बेसच्या आधीच्या जंगल संगीताच्या काळापासून फास्ट ट्रॅकवर स्क्रॅच करत आलेला. त्यांचा हात किती वेगानं चालतो हे बघण्यापेक्षा ते कधी गप्प बसतात हे मोज.

पुढचा मुद्दा हाताच्या अंतराचा, आणि हे कुणी सांगत नाही. ३३⅓ च्या स्पीडला (मिनिटाला तेवढे फेरे) रेकॉर्ड १.८ सेकंदात एक फेरा मारते. पाव फेरा, म्हणजे घड्याळातल्या बारापासून तीनपर्यंत, ०.४५ सेकंद. मग ८६ मिलिसेकंदांत किती सरकते? जेमतेम १७ अंश. बारा इंची रेकॉर्डच्या कडेजवळ बोट ठेवलंस तर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, आणि तुझ्या सहा इंची जॉगव्हीलवर (कंट्रोलरची फिरवायची थाळी) तर सव्वादोन सेंटिमीटर. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडंसंच कमीजास्त. आता तुझा स्वतःचा व्हिडिओ काढून बघ, तू जॉग किती फिरवतोस ते. पैज लाव, बोट बारापासून चारपर्यंत जात असणार. तेवढं अंतर तेवढ्या वेळात कापायचं म्हणजे आवाज पण चिरका होतो आणि परत यायला उशीर होतो. जॉगवर कागदी टेपच्या दोन बारीक पट्ट्या चिकटव, मध्ये तीन सेंटिमीटर सोडून, आणि हात त्या दोन पट्ट्यांच्या आतच फिरला पाहिजे असा हट्ट धर. मनगट जवळजवळ स्थिर, हालचाल बोटांतनं. सुरुवातीला आवाज बारका आणि कंजूस वाटेल, वाटू दे.

मग वेग कुठनं येतो? फेडरमधनं, म्हणजे दुसऱ्या हातानं आवाज उघड-बंद करायच्या सरकत्या बटणातनं. रेकॉर्डचा हात निवांत आणि फेडरचा हात चावरा, फास्ट ट्रॅकवर सगळा खेळ एवढाच आहे. त्यासाठी क्रम असा धर: आधी चर्प पक्का, मग ट्रान्सफॉर्म, मग एक क्लिकचा फ्लेअर. बस. वर्षभर एवढंच केलंस तरी कुणी नाव ठेवणार नाही.

चर्पमध्ये फेडर उघडा ठेवून हात पुढं, पुढं संपता संपता फेडर बंद, आणि मागं ओढायला सुरुवात करताना उघडा. एका दिशेला एक आवाज. १७४ च्या आठव्या भागावर (बारचा आठवा भाग, म्हणजे अर्धा बीट) मारलास तर एका दिशेला १७२ मिलिसेकंद मिळतात, आणि ते म्हणजे ८७ चा सोळावा भागच (पाव बीट), जो तुला नव्वदवर येतोच आहे. ट्रान्सफॉर्ममध्ये उलटं, फेडर बंद ठेवून हात सावकाश पुढं न्यायचा आणि फेडर उघडून आवाजाचे तुकडे पाडायचे. इथं हाताला तर काहीच घाई नाही, १७४ चा एक अख्खा बीट हात एकाच दिशेनं जाऊ शकतो, ०.३४५ सेकंद, आणि तेवढ्यात फेडरनं चार तुकडे पाडलेस की ऐकणाऱ्याला वाटतं तू १७४ चे सोळावे भाग मारतोयस.

फ्लेअरला जरा वेळ देतो, कारण तोच आपल्या कामाचा. फेडर उघडा. हात पुढं निघाला. मधल्या टप्प्यावर फेडरला एक टिचकी, म्हणजे बंद होऊन लगेच उघडा. हात पुढं संपला, फेडर उघडाच. आता मागं, मध्ये परत एक टिचकी. पुढं दोन आवाज, मागं दोन, असे चार. एक दिशा जर १७२ मिलिसेकंदांची असेल तर प्रत्येक आवाज ८६ चा झाला, म्हणजे बरोबर १७४ चा सोळावा भाग, आणि हात मात्र चालतोय ८७ च्या मापानं. चर्पपेक्षा हाताला काडीचं जास्त काम नाही आणि आवाज दुप्पट. टिचकी मारताना अंगठा फेडरच्या एका बाजूला स्प्रिंगसारखा धरायचा, तो फेडरला सतत उघड्या बाजूला ढकलत राहणार, आणि दुसऱ्या बाजूनं मधलं बोट नुसतं आपटायचं. फेडर चिमटीत पकडून इकडंतिकडं ओढणारी पोरं ११० च्या पुढं जात नाहीत. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐक: टिचकी बरोबर मधोमध पडतीय का. बहुतेकांची उशिरा पडते, मग पहिला आवाज लांब आणि दुसरा तोकडा होतो, आणि हळू बीटवर ते खपून जातं पण १७४ वर लंगडल्यासारखं ऐकू येतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून, स्पीड निम्मा करून ऐकलंस की लगेच सापडेल.

दोन क्लिकचा फ्लेअर जमला की एक भारी गोष्ट होते. पुढं तीन आवाज, मागं तीन. ८७ च्या एका बीटमध्ये पुढंमागं एक फेरी मारलीस तर सहा आवाज होतात, प्रत्येकी ११५ मिलिसेकंदांचा, आणि खाली ड्रम मात्र चारच्या हिशोबात पळतोय. तीनचा हिशोब चारवर घासला की ट्रॅक लोळल्यासारखा वाटतो, वेग न वाढवता. दोन बार टाकून सोडून द्यायचा, जास्त ताणला की ऐकणाऱ्याचा ठेका हरवतो आणि नाचणारे एकमेकांकडं बघायला लागतात.

आता क्रॅब. अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशी बोटं एकामागोमाग फेडरवरनं सरकवायची आणि अंगठा पलीकडनं फेडर परत ढकलणार, करंगळीपण घेतली तर चार. दिसायला लय भारी आणि रीलवर लाईक पण मिळतात. पण हिशोब कर की, ८६ मिलिसेकंदांच्या तुकड्यात चार क्लिक घातले तर एक क्लिक एकवीस-बावीस मिलिसेकंदांचा होतो, खाली हायहॅट (झांजेसारखा बारका आवाज) आणि स्नेअर चालू असताना तो वेगळा ऐकूच येत नाही, नुसती खरखर येते. खरखरच पाहिजे असेल, म्हणजे ड्रॉपच्या (सगळा ठेका एकदम सुटतो ती जागा) आधीच्या शेवटच्या बीटवर वगैरे, तर एकदा टाक. शिकायचा असेल तर शीक, पण तुझा हात मागं पडतोय त्यावर ते औषध नाही.

सॅम्पलचं बोलूया, इथं पण पोरं मार खातात. सगळे तेच 'आह' आणि 'फ्रेश' वापरतात, जे १९८२ च्या 'चेंज द बीट' नावाच्या रेकॉर्डच्या शेवटी मशीनमधून काढल्यासारख्या आवाजात आहेत, आणि वापरतात ते बरोबरच आहे कारण 'आह' ची सुरुवात धारदार आहे आणि पुढचा आवाज सपाट भरलेला आहे, कुठंही कापला तरी तुकडा स्वच्छ निघतो. पण फास्ट ट्रॅकसाठी ते थोडं छोटं कर. सुरुवातीची शांतता पूर्ण कापून टाक, क्यू पॉइंट (जिथनं वाजायला लागतं ती खूण) बरोबर आवाज सुरू होतो तिथं. कीलॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) बंद. सिंक (बीट आपोआप जुळवणारं बटण) पण बंद, स्क्रॅचच्या डेकला सिंकचं काय काम? उलट त्या डेकचा पिच (वेगाचं बटण) थोडा वर चढवून बघ, आवाज आखूड आणि टोकदार होतो, ड्रमच्या गर्दीतनं वर येतो. टर्नटेबलवाले याच कारणासाठी कधीकधी ३३ च्या ऐवजी ४५ ला ठेवतात.

आणि आपल्याकडं स्वतःची सॅम्पलं किती पडलीत बघ की. तुतारी! लांब, भरलेला, वर चढत जाणारा आवाज, ट्रान्सफॉर्म आणि फ्लेअरला यापेक्षा चांगलं मला तरी काही मिळालेलं नाही. हलगीचा एक ठोका एकदम धारदार असतो पण लगेच मरतो, त्यामुळं त्यावर फ्लेअर चालत नाही, पण एकेक ठोका सोडायला, ड्रमशी सवालजवाब करायला झकास. रेकॉर्ड करायचं तर मिरवणुकीत जाऊन मोबाईल वर धरू नको, सगळी गर्दी त्यात येते. एखाद्या हलगीवाल्याला शांत जागी विनंती कर, फोन हातभर लांब ठेव, हलगी तापवून कडक झाली की सुटे सुटे ठोके घे, आणि त्याला चहापाणी आणि बिदागी दे बाबा, फुकट घेऊ नको. घरी येऊन २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाक. एक मात्र सांगतो, देवाच्या नावाच्या गर्जना सॅम्पल करून पुढंमागं घासू नको. कायद्याचं मला माहीत नाही असं नाही, पण त्याच्याआधी गल्लीतच विषय वाढतो, आणि मला स्वतःला पण ते बरं वाटत नाही.

हलगीचा विषय निघालाच आहे तर, खासबाग मैदानात कुस्त्या लागल्या की हलगी ऐकायला जा. जोड नुसती खडाखडी करतीय तोपर्यंत ठेका कसा बसका असतो, डाव पडायला आला की कसा चढतो, आणि मध्येच तो ठोका कुठं खातो. त्या खाल्लेल्या ठोक्यावर सगळं मैदान पुढं झुकतं. फास्ट ट्रॅकवर स्क्रॅचची वाक्यं तशीच बांधायची असतात. मी पोरांना हलगीचा एक तुकडा तोंडानं म्हणायला लावतो आणि मग तोच फेडरवर काढायला सांगतो. तोंडानं म्हणता येत नसेल तर हातानं निघणार नाही, हे नक्की.

मोजमापाचं म्हणशील तर १७४ वर चार बीटचा एक बार १.३८ सेकंदांचा, म्हणजे आठ बार अकरा सेकंदांत गेले. तेवढ्यात तुला सुरुवात, मधला भाग आणि शेवट बसवायचाय. माझी पद्धत साधी: दोन बार स्क्रॅच, दोन बार गप्प, परत दोन बार तोच पॅटर्न थोडा बदलून, आणि शेवटच्या दोन बारात एक पूर्ण रिकामा. शक्यतो तुझा शेवटचा आवाज स्नेअरच्या आधी संपव आणि स्नेअरला एकट्याला पडू दे, ते ऐकायला इतकं कडक लागतं की लोकांना वाटतं स्नेअर पण तूच मारलास. ड्रॉपच्या आधीचा शेवटचा बार मोकळा. गाणाऱ्याच्या आवाजावर कधीच नाही, म्हणजे नाहीच.

सायट्रान्सचं वेगळं आहे. १४५ वर सोळावा भाग १०३ मिलिसेकंदांचा, म्हणजे तसा सोपा, पण तिथं एक किक (जाड 'ढम' ड्रम) आणि मग बासचे तीन ठोके, परत किक आणि तीन, असं न थांबता चालू असतं आणि ते निम्म्यात मोजून पण फार मोकळं होत नाही. तिथं ट्रान्सफॉर्म वापर: किकच्या जागी फेडर बंद, पुढच्या तीन जागी उघडा. बासच्याच चालीवर तुझा आवाज चालतो, किक मोकळी राहते. सॅम्पलचा तळ कापलेला असला पाहिजे नाहीतर बासशी मारामारी होते. आणि खरं सांगायचं तर सायट्रान्सवर स्क्रॅच मला ब्रेकडाउनमध्येच (ड्रम थांबतात तिथं) आवडतो, चालू ठेक्यावर तो उपराच वाटतो, पण हा माझ्या कानाचा भाग झाला.

दोन्हीकडं मिक्सरवर एक काम कर. स्क्रॅच सुरू करायच्या आधी ट्रॅकच्या डेकचा मिड (मधल्या पट्टीचा आवाज) थोडा खाली घे, हाय (वरच्या पट्टीचा) अगदी किंचित. स्क्रॅचचा सगळा जीव मिड आणि हायमध्ये असतो आणि फास्ट ट्रॅकचे स्नेअर-हायहॅट पण तिथंच बसलेले असतात. पोरं काय करतात, स्क्रॅच ऐकू येत नाही म्हणून स्क्रॅचचा आवाज वाढवतात, मग मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, दिवा लाल होतो, मग सगळंच फाटतं.

सेटिंग बघून घे. क्रॉसफेडरचा कर्व्ह (फेडर किती सरकला की किती आवाज येतो ते) सॉफ्टवेअरमधनं एकदम शार्प कर, स्क्रॅच किंवा कट असं काहीतरी लिहिलेलं असतं. मिक्सिंगचा गुळगुळीत कर्व्ह असेल तर फेडर अर्ध्यापर्यंत आणल्याशिवाय आवाज पूर्ण येत नाही, आणि तेवढं अंतर कापण्यात तुझे मिलिसेकंद गेले. कडेपासून एक-दोन मिलिमीटरवर आवाज पूर्ण आला पाहिजे. बफर (लॅपटॉप आवाज सोडायच्या आधी किती साठवतो ते) १२८ सॅम्पलवर आणून बघ, ४४,१०० च्या रेटला ते जवळपास ३ मिलिसेकंद होतात, १०२४ वर असेल तर २३. लॅपटॉप कडकड करायला लागला तर २५६ वर थांब. आणि ब्लूटूथ स्पीकरवर सराव बिलकुल नको. त्याचा उशीर सहज शंभर-दीडशे मिलिसेकंदांवर जातो, १७४ वर म्हणजे तू एक-दोन सोळावे भाग मागं ऐकतोयस आणि वर हाताला दोष देतोयस. वायरचा हेडफोन घाल, विषय संपला.

हाच उशीर मिरवणुकीत दुसऱ्या रूपात भेटतो. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. तू ट्रॉलीवर मागं, डॉल्बीचं तोंड पुढं, आणि महाद्वार रोडसारख्या अरुंद रस्त्यावर समोरच्या इमारतीवर आपटून आवाज तुझ्याकडं परत येतो. इमारत पंधरा मीटरवर असली तर जाऊन-येऊन तीस मीटर, म्हणजे ८७ मिलिसेकंद. बघ गंमत, १७४ चा बरोबर एक सोळावा भाग! त्या परत आलेल्या आवाजावर हात बसवलास की तू पूर्ण एक घर मागं आणि तुला कळणार पण नाही, कारण तुला ते बरोबरच वाटतंय. त्यामुळं कानाशी एक मॉनिटर (तुझ्यापुरता स्पीकर) पाहिजे, नाहीतर एका कानावर हेडफोन दाबलेला, आणि क्यू मिक्समध्ये (हेडफोनच्या आवाजात) ट्रॅक आणि स्क्रॅच दोन्ही. मालकाला आधीच सांगून ठेव, आयत्या वेळी मॉनिटर मिळत नाही.

आणि गुलाल. गुलाल फेडरच्या फटीत गेला की फेडर जड होतो, मग मध्येच आवाज गळायला लागतो, मग एक दिवस बंद केला तरी पाझरतो. मिरवणुकीत कंट्रोलरवर पातळ प्लास्टिक ताणून घे, फेडरपुरती चीर ठेवून, आणि घरी आल्यावर आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाड, मग फेडरसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा. दाराच्या बिजागरीला मारायचा स्प्रे त्यात मारू नको, तो आतला थर खातो आणि परत धूळ धरून बसतो. ओल्या कापडानं पण नको, गुलालाचा चिखल होतो.

कोल्हापुरात १७४ ऐकायला कोण येणार असं पण तू लिहिलंयस. फार नाही येणार. हळदीत तर कुणीच नाही, तिथं गाणं बदलताना चार काऊंटचा चर्प टाकायचा आणि पुढं जायचं, त्याच्यावर गेलास की नवरदेवाचा मामा कन्सोलजवळ आलाच समज. पण कॉलेजच्या फेस्टला पाच मिनिटं मिळतात, आणि घरी रेकॉर्ड करून टाकायला कुणी अडवलेलं नाही. सराव हेडफोनवर असेल तर रात्री दहानंतरच्या लाऊडस्पीकरच्या बंदीचा पण प्रश्न येत नाही, फक्त फेडरचा कटकट आवाज घरच्यांना झोपू देत नाही, तेवढं टेबलाखाली जाड गोधडी घाल. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं बस झाली. कोपरापासून मनगटापर्यंत ओढ लागली तर थांब, दुखत असताना रेटलंस तर हात वाकडीच सवय लावून घेतो.

टर्नटेबलचं. आत्ता नको. आपण वर बोललो ते सगळं तुझ्या कंट्रोलरवर होतंय. पुढं हातानं रेकॉर्डचा खेच अनुभवायचाच असेल, आणि तो अनुभव वेगळा असतो हे खरं, तर मोटर असलेल्या जॉगचा कंट्रोलर किंवा डायरेक्ट ड्राईव्हचा (थाळी थेट मोटरवर फिरते तो) टर्नटेबल बघ, बेल्ट ड्राईव्ह (पट्ट्यानं फिरणारा) बघू पण नको, हात लावला की प्लॅटर, म्हणजे फिरणारी थाळी, दमतो. जुना टेक्निक्स कंपनीचा टर्नटेबल मिळाला तर, एसएल-१२०० ची एमके-टू आवृत्ती १९७९ ची आहे आणि त्या वंशातले कितीतरी अजून चालू आहेत, पण घेताना टोनआर्म (सुईचा दांडा) बोटानं हलवून बघ, सांध्यात ढिला लागला तर सोडून दे. पिच शून्यावर ठेवून प्लॅटरच्या कडेच्या मोठ्या ठिपक्यांची ओळ लाल दिव्यात स्थिर दिसते का बघ. दोन्ही स्पीडला चालू-बंद करून बघ, आणि आवाजाच्या वायरी मुळापाशी वाकवून एका बाजूचा आवाज जातोय का ते तपास. घेतलास तर घरातच ठेव, ट्रॉलीवर चढवू नको, डॉल्बीच्या हादऱ्यानं सुई एका ठिकाणी टिकत नाही.